नळाच्या पाळीवर बेतलेला कोरडा दिवस: गावाला सोबत घेऊन डेंग्यू कसा रोखायचा

मराठवाड्यातल्या दुष्काळी पट्ट्यात आरोग्य सेवक म्हणून फिरत होतो तेव्हाची गोष्ट. पावसाळ्याच्या तोंडावर एका घरात रांजण ओतायला वाकलो, तर घरातल्या मावशींनी रांजणावर हात आडवा धरला. "डाक्टर, टँकर मंगळवारी आलता. आता फुडल्या बुधवारी. वता तुम्ही, पण भरून द्या." माझ्या हातात छापील पत्रक होतं आणि त्यावर लिहिलं होतं, 'कोरडा दिवस पाळा: आठवड्यातून एक दिवस पाण्याची सर्व भांडी रिकामी करा.' रांजणात अळ्या होत्या, बॅटरीच्या उजेडात स्पष्ट वळवळत होत्या. पण मावशींचं म्हणणंही तितकंच खरं होतं.

त्या दिवसापासून मी कामाची सुरुवात बदलली. आपल्या खेड्यांत डेंग्यू होतो तो लोकांना कळत नाही म्हणून नव्हे, तर पाणी साठवून ठेवावं लागतं म्हणून. नळाला आठव्या-दहाव्या दिवशी पाणी येतं, तेही तासभर. मग घरात रांजण, टिपाड, हौद, बादल्या, कळश्या सगळं भरून ठेवतात. हे भरलेलं पाणी डेंग्यूच्या डासाचं माहेर आहे. तेव्हा आधी गावाचं पाणी समजून घ्या, डासांचं बोलणं त्यानंतर.

हा लेख आशा ताई, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, बचत गटातल्या महिला, तरुण मंडळं यांच्यासाठी आहे. साधारण दीड-दोनशे घरांचं गाव डोळ्यांसमोर ठेवलं आहे. पहिली फेरी पूर्ण व्हायला महिना-दीड महिना लागतो. मे महिन्यात सुरू केलं तर पावसाच्या आधी घडी बसते.

आधी डास ओळखा, कारण सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही

डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका हे तिन्ही रोग पसरवणारा एडिस डास काळा, अंगावर पांढरे पट्टे असलेला. तो स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो आणि सहसा शे-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुमच्या घरात चावणारा डास तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. त्याच वेळी त्या गावात डेंग्यू आणि चिकुनगुनियाचेही रुग्ण होते. एकाच जातीचा डास, आणि गाव तीन रोगांना तोंड देत होतं.

हिवतापाचा ॲनोफेलिस मात्र रात्री चावतो आणि ओढे, कालव्याची गळती, भातखाचरं, विहिरी अशा ठिकाणी वाढतो. क्युलेक्सच्या काही जाती तुंबलेल्या गटारात वाढून हत्तीरोग पसरवतात. गावात सगळ्यात जास्त कानाशी गुणगुणतो तो बहुधा हाच, म्हणून लोकांचा सगळा राग गटारावर निघतो. गटार साफ करायलाच हवं, पण गटार झाडून डेंग्यू जात नाही. डेंग्यूचा डास गटारात नाही, देवघराशेजारच्या माठाखालच्या परातीत आहे. हे वाक्य पहिल्या बैठकीत मी मुद्दाम असंच म्हणतो. लोक घरी गेल्यावर परात उचलून बघतात.

पहिली पायरी: गावाचा पाण्याचा नकाशा

दोन संध्याकाळी द्या. मोठा कागद घ्या, पाराजवळ बसा आणि गल्लीगल्लीचं पाणी विचारा. कोणत्या गल्लीला नळ कधी येतो? किती दिवसांनी? टँकर कुठे उभा राहतो? कोणाचा बोअर आहे आणि शेजारी कोणकोण त्यावर भरतं? उंचावरच्या वस्तीला पाणी चढतं का? वॉल्व्ह सोडणाऱ्या माणसाला तर पहिल्यांदा गाठा. कोणत्या गल्लीचं पाणी कधी चुकलं हे ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपेक्षा त्याला जास्त पक्कं माहीत असतं.

पुरुषांनी सांगितलेलं उत्तर बायकांकडून तपासून घ्या. एका गावात पुरुष म्हणाले 'पाचव्या दिवशी पाणी येतं', बायका म्हणाल्या 'पाचव्या दिवशी येतं, पण भरून होत नाही, म्हणून दहा दिवसांचं साठवतो'. सगळं नियोजन या फरकावर फिरलं. नळ पाच दिवसांनी येत असला तरी रांजणाच्या तळाचं पाणी दहा दिवसांचं असतं, आणि अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात.

नकाशावर आणखी चार गोष्टी टाका: बंद घरं, भंगार आणि टायरचं दुकान, शाळा-अंगणवाडीच्या टाक्या, आणि गुरांचे हाळ-डोण. बांधकाम चालू असेल तर तेही. विटा भिजवायला केलेलं टाकं महिनोन्‌महिने भरलेलं असतं आणि त्याचा वाली कोणी नसतो.

दुसरी पायरी: माणसं निवडणं

समिती आधीपासूनच असते. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती प्रत्येक महसुली गावाला असते, आणि तिला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून दरवर्षी थोडा अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी मिळतो. बहुतेक ठिकाणी ही समिती सहीपुरती उरलेली असते. तिलाच जागं करा, नवीन समिती काढू नका. नवी काढली की जुन्यातले लोक दुखावतात आणि निधीही जुन्यांकडेच राहतो.

प्रत्यक्ष काम मात्र समितीने होत नाही, ते गल्लीतल्या जोड्या करतात. दर वीस-पंचवीस घरांमागे दोघीजणी, त्याच गल्लीतल्या. बाईला स्वयंपाकघरात, न्हाणीत, माजघरात सहज जाता येतं. अनोळखी माणूस अंगणातच थांबतो आणि फक्त अंगणातली भांडी मोजून जातो. जोडी लावताना एक सासुरवाशीण आणि एक जाणती बाई घ्या. निवडणुकीत गाव दोन गटांत फाटलेलं असेल तर एकेक बाई दोन्ही बाजूंची घ्या. ही खबरदारी घेतली नाही तर अर्ध्या गावाला हे 'त्यांचं' काम वाटतं.

सरपंचांना आधी वेगळं भेटा. त्यांच्याकडे पैसे मागू नका, तीन गोष्टी मागा: ग्रामसभेत पंधरा मिनिटं, चावडीवर एक फळा, आणि पाणी सोडण्याचं वेळापत्रक लेखी. तिसरी गोष्ट सगळ्यात जड जाते आणि सगळ्यात उपयोगी पडते.

तिसरी पायरी: पहिली मोजणी

फवारणी, पत्रकं, फेऱ्या यांच्या आधी मोजणी. सामान साधं आहे: बॅटरी, पांढरी वाटी किंवा पळी, वही, खडू.

भांड्यात बघायची एक पद्धत आहे. सावली पडू न देता हळूच वाका. भांड्याला धक्का लागला किंवा सावली पडली की अळ्या बुडी मारून तळाला जातात आणि आपल्याला पाणी स्वच्छ वाटतं. अर्धा-एक मिनिट थांबलात की श्वास घ्यायला पुन्हा वर येतात. एडिसची अळी डोकं खाली करून तिरकी लटकते आणि सापासारखी वेटोळी घेत पोहते. ॲनोफेलिसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. स्वल्पविरामासारखा दिसणारा जीव म्हणजे कोष. कोष दिसला तर दोन-तीन दिवसांत डास उडणार.

प्रत्येक घराची एकच ओळ लिहा: घर क्रमांक, पाण्याची एकूण भांडी, अळ्या सापडलेली भांडी, कोणतं भांडं. शेवटचा रकाना विसरू नका. मग तीन आकडे काढा. समजा १८० घरं पाहिली आणि ४५ घरांत अळ्या मिळाल्या, तर घर निर्देशांक २५. एकूण ९०० भांडी पाहिली आणि ७२ मध्ये अळ्या होत्या, तर भांडी निर्देशांक ८. शंभर घरांमागे अळ्यांची भांडी किती, तर ४०. या तिसऱ्याला ब्रेटो निर्देशांक म्हणतात. आरोग्य खातंही हेच आकडे वापरतं, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या साहेबांशी बोलताना तुमची भाषा जुळते.

पण गावाच्या उपयोगाचा आकडा वेगळाच असतो: कोणतं भांडं? बहुतेक ठिकाणी अळ्यांची मोठी संख्या दोन-तीन प्रकारच्या भांड्यांतच निघते. कुठे तो न्हाणीतला सिमेंटचा हौद, कुठे अंगणातलं टिपाड, कुठे दगडी उखळ. हे कळलं की सगळ्या गावाला सगळं सांगत बसावं लागत नाही.

चौथी पायरी: बाटलीतला डास

व्याख्यानाने न पटलेलं एका बाटलीने पटतं. मोजणीत सापडलेल्या अळ्यांपैकी पंधरा-वीस, त्यांच्याच पाण्यासकट, काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत घ्या. तोंडाला दुहेरी मच्छरदाणीचं कापड घट्ट बांधा, वरून रबर लावा. शाळेत किंवा मंदिराच्या ओसरीवर, सावलीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर ठेवा. बाजूला तारखेची चिठ्ठी लावा.

गावात बऱ्याच जणांना हे पाण्यातले किडे आणि घरातला डास यांचं नातं ठाऊक नसतं. 'पाणी जुनं झालं की किडे पडतात' एवढंच माहीत असतं. मी ठेवलेल्या एका बरणीजवळ चौथ्या दिवशी सकाळी चौथीतला एक पोरगा येऊन बसला होता. कोषाची पाठ उकलली, आतून ओला डास बाहेर आला आणि स्वतःच्याच सालीवर उभा राहून पाय वाळवू लागला. पोरगा ओरडला तशी सगळी शाळा धावली. दुपारपर्यंत ती बातमी प्रत्येक घरी पोचली होती, दवंडीची गरजच पडली नाही.

बरणी उघडी पडणार नाही याची जबाबदारी एकाच माणसावर ठेवा. शेवटी कापडावरूनच उकळतं पाणी ओतून डास मारा आणि मगच बरणी उघडा.

पाचवी पायरी: बैठक गल्लीत, ग्रामसभेत नंतर

ग्रामसभा महत्त्वाची आहे, पण तिथे भांड्याची गोष्ट निघत नाही. आधी गल्लीत, एखाद्या अंगणात, दुपारी तीननंतर बायका मोकळ्या झाल्या की बसा. त्यांना त्यांच्या गल्लीचा आकडा सांगा, त्यांची भांडी सांगा आणि विचारा: "पाणी तर ओतायचं नाही. मग अळ्या कशा काढायच्या?" मग थांबा. उत्तरं त्यांच्याकडूनच येतात. एका गल्लीत ठरलं की तळाचं पाणी जुन्या लुगड्यातून गाळून कपड्याला वापरायचं आणि लुगडं उन्हात झटकायचं. दुसऱ्या गल्लीत ठरलं की जुनं पाणी आधी संपवायचं, म्हणून टिपाडांना खडूने एक-दोन-तीन नंबर टाकायचे. हे उपाय कुठल्याही पत्रकात नव्हते, आणि म्हणूनच ते टिकले.

ही पद्धत फक्त आपल्या गावगाड्याचा अनुभव नाही. निकाराग्वा आणि मेक्सिको या देशांत 'कामिनो वेर्दे' नावाचा मोठा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी उपाय सगळीकडे चालूच होते. निम्म्या वस्त्यांमध्ये त्याच्या जोडीला लोकांना त्यांच्याच वस्तीचे आकडे दाखवले आणि काय करायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. तिथल्या मुलांमध्ये डेंग्यूची लागण इतर वस्त्यांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी कमी राहिली.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, कारण ती बरेच जण करतात. एका गावात उत्साहाच्या भरात मी अळ्या सापडलेल्या घरांची नावं चावडीच्या फळ्यावर लिहिली. संध्याकाळी दोन घरांत भांडणं झाली आणि पुढच्या फेरीला अकरा घरांनी दार उघडलं नाही. फळ्यावर गल्लीचा आकडा लिहा, घराचं नाव कधीही लिहू नका. ज्या घरात अळ्या निघतील तिथल्या बाईलाच वाटी दाखवा, हळू आवाजात, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा या.

सहावी पायरी: कोरडा दिवस, पण तुमच्या गल्लीचा

सरकारी पत्रकात सगळ्या गावाला एकच वार दिलेला असतो. आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात तो वार बहुतेक गल्ल्यांना चुकीच्या दिवशी येतो. नळ येऊन दोन दिवस झालेत, भांडी काठोकाठ भरलीत आणि आज म्हणे रिकामी करा! कोण करेल? आणि का करावं?

कोरडा दिवस नळाच्या आदल्या दिवशी ठेवा. त्या दिवशी भांडी आपोआपच तळाला गेलेली असतात. उरलेलं बादली-दोन बादली पाणी काढायला जीव तुटत नाही. म्हणून तर लेखी वेळापत्रक हवं. वॉल्व्ह सोडणाऱ्या भाऊंनी आदल्या संध्याकाळी भोंग्यावरून किंवा गल्लीच्या व्हॉट्सॲप गटावर 'उद्या पाणी' एवढं सांगितलं की जोडीतल्या दोघी गल्लीत हाक देतात.

करायचं काय, तर:

उरलेलं पाणी झाडाला, गुरांना, धुण्याला वापरा. अळ्या असतील तर गाळून घ्या किंवा कोरड्या, तापलेल्या मातीवर ओता. गटारात किंवा डोणात ओतू नका.

भांडं आतून काथ्याने किंवा तारेच्या घासणीने, राख नाहीतर साबण लावून घासा. हे घासणं सगळ्यात महत्त्वाचं, आणि तेच वगळलं जातं. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही, ती भांड्याच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेजवळ चिकटवते. ती अंडी काळी, खसखशीपेक्षा लहान असतात आणि कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. नुसतं पाणी ओतून पुन्हा भरलं की तीच अंडी फुटतात. एक मादी आपली अंडी एकाच भांड्यात न घालता चार ठिकाणी विभागून घालते, म्हणून घरातलं एक भांडं राहिलं तरी काम फसतं.

घासून विसळून तासभर उन्हात पालथं घाला.

भरल्यावर झाका. झाकण नीट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचं दुहेरी कापड नाडीने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने ताणून बांधा. कापड सैल पडून पाण्याला टेकलं तर त्या ओल्या कापडावरच डास अंडी घालतो, म्हणून ताणलेलं असणं गरजेचं. माठाला आणि रांजणाला नळ असेल तर दर वेळी कापड सोडावं लागत नाही.

जिथे पाणी बारा-पंधरा दिवसांनी येतं तिथे फक्त कोरड्या दिवसावर विसंबू नका, कारण मधल्या काळात डासाची एक पिढी पूर्ण होते. तिथे दर आठवड्याला बॅटरी लावून तपासणी, ताणलेलं कापड, आणि मोठ्या वापराच्या हौदांत अळ्या खाणारे गप्पी मासे किंवा अळीनाशक. टेमिफॉस हे अळीनाशक गावात 'ॲबेट' नावाने ओळखतात. ते आरोग्य कर्मचाऱ्याकडूनच, पाण्याचं माप काढून टाकून घ्या. अंदाजाने झाकणभर ओतायची ही गोष्ट नव्हे.

गप्पी मासे: कुठे सोडायचे, कुठे नाही

गप्पी मासा दोन-तीन सेंटिमीटरचा, कमी पाण्यात आणि बऱ्यापैकी घाणीतही तगतो. तो अंडी न घालता थेट पिल्लं देतो, त्यामुळे वाढवणं सोपं. तालुक्याच्या हिवताप विभागाकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात पैदास टाकी असते, तिथून विनामूल्य मिळतात. गावात एक सिमेंटचं जुनं टाकं सावलीत भरून, तळाला थोडी माती आणि पाणवनस्पती टाकून स्वतःची पैदास करा. शाळेने ते काम घेतलं तर उत्तम.

पाण्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला पाच ते दहा मासे पुरतात. आणताना कळशीत त्याच टाक्यातलं पाणी घ्या, सकाळच्या गारव्यात न्या, आणि नव्या पाण्यात सोडण्याआधी ते पाणी थोडंथोडं कळशीत मिसळत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या.

मासे मरतात ते बहुधा ब्लीचिंग पावडरने. जलसुरक्षक गावाच्या टाकीत टीसीएल म्हणजे हीच पावडर टाकतो, ते पिण्याच्या पाण्यासाठी आवश्यकच आहे. पण तेच ताजं पाणी थेट माशांच्या हौदात पडलं की सकाळी मासे उलटे तरंगताना दिसतात आणि गाव म्हणतं, 'खात्याने मेलेले मासे दिले.' म्हणून माशांच्या हौदात एक दिवस ठेवलेलं पाणी घाला, किंवा अर्धाच हौद भरा. पिण्याच्या रांजणात मासे नकोत, तिथे कापड.

नदी, ओढा, तलाव, पाझर तलाव यांत गप्पी सोडू नका. हा मासा आपल्याकडचा नाही. नैसर्गिक पाण्यात तो स्थानिक माशांच्या पिल्लांना त्रास देतो आणि तिथे डेंग्यूचा डास वाढतही नाही.

सांडपाणी आणि शौचालयाचा पाईप

सांडपाण्याचा डेंग्यूशी फारसा संबंध नाही, पण गावाला हा बदल डोळ्यांनी दिसतो, आणि दिसणाऱ्या बदलाने लोक कामाला लागतात. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी शोषखड्डे घेऊन उघडी गटारं बंद केली. 'मॅजिक पिट' या नावाने ती पद्धत जिल्हाभर पोचली आणि रोजगार हमीतून हजारो खड्डे झाले. साधारण चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड आणि वाळू. टाकीत गाळ बसतो आणि पाणी भोकांतून मुरतं. गाळ वेळोवेळी काढला नाही तर वर्षभरात खड्डा तुंबतो. विहीर किंवा बोअरपासून निदान पन्नास फूट लांब घ्या. काळ्या चिकट मातीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे परसबागेत केळी-अळूला सांडपाणी देणं जास्त बरं.

शौचालयाच्या टाकीच्या व्हेंट पाईपला नायलॉनची जाळी बांधा. पाच मिनिटांचं काम, आणि संध्याकाळचा निम्मा त्रास कमी होतो.

धुराचं मशीन मागणाऱ्यांना काय सांगायचं

गावात दोन तापाचे रुग्ण झाले की सरपंचांना पहिला फोन येतो, 'धूर फवारा.' धुराने त्या वेळी उडत असलेले डास मरतात, अळ्या आणि कोष तसेच राहतात आणि दोन दिवसांत नवे डास येतात. त्यातून एडिस बसलेला असतो घरात, खुंटीवरच्या कपड्यांत, खाटेखाली. आणि धूर आला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो! रुग्ण वाढले असतील तर फवारणीला जागा आहे, पण त्या वेळी दारं उघडी हवीत, अन्न-पाणी झाकलेलं हवं, आणि त्याच दिवशी सगळ्या गल्लीची भांडी तपासलेली हवीत.

ताप आला तर

जोड्यांचं दुसरं काम तापावर नजर ठेवणं. गल्लीत कोणाला ताप आला की त्याच दिवशी आशा ताईंना कळवायचं. आशा ताईंकडे हिवतापाची रक्ततपासणी होते. डेंग्यूचा संशय असेल तर रक्ताचा नमुना प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जातो. पहिल्या पाच दिवसांत एनएसवन, त्यानंतर आयजीएम तपासणी.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. अंगदुखीच्या ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि इंजेक्शनं डेंग्यूत रक्तस्राव वाढवू शकतात. दुकानातून गोळी आणणाऱ्या घरांना हे नावानिशी सांगा. भरपूर पाणी, लिंबू-सरबत, ताक, पेज, ओआरएस द्या.

आणि हे तर प्रत्येक आईला ठाऊक हवं: डेंग्यूत धोका बहुधा ताप उतरताना असतो, चढताना नव्हे. ताप गेला म्हणून घर निर्धास्त होतं, आणि तेव्हाच पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, हातपाय गार पडणं, पोर मलूल होणं ही लक्षणं दिसतात. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच दवाखाना गाठा. १०८ ला फोन करा.

रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. त्याला चावलेला डास आठवडा-दीड आठवड्यानंतर शेजाऱ्याला रोग देऊ शकतो. रुग्णाच्या घराभोवतीची पन्नासेक घरं त्याच दिवशी तपासायची, कोरड्या दिवसाची वाट न बघता.

गाव जंगलपट्ट्यातलं असेल तर

गडचिरोलीसारख्या भागात मुख्य दुखणं हिवतापाचं आहे, आणि तिथे वरचा क्रम बदलतो. भांडी घासून ओढ्यातला ॲनोफेलिस कमी होत नाही. तिथे औषध लावलेली मच्छरदाणी, घराच्या भिंतींवर आतून फवारणी, आणि ताप आला की लगेच तपासणी व गोळ्यांचा पूर्ण कोर्स ही तीन कामं आधी. व्हायवॅक्स या प्रकारच्या हिवतापावरच्या प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस असतात. ताप तिसऱ्या दिवशी जातो आणि गोळ्या घडवंचीवर राहतात, मग काही आठवड्यांनी तोच ताप उलटतो.

तिथेही लोकांना विचारल्याशिवाय वेळापत्रक ठरवू नका. फवारणी झाली आणि आठ दिवसांत सणासाठी भिंती सारवल्या की औषध मातीखाली गेलं. आधी सारवण, मग फवारणी, हे गावाशी बोलूनच जुळतं. राखणीला मचाणावर झोपणाऱ्या माणसाच्या मच्छरदाणीचाही विचार करा.

उत्साह ओसरू लागला की

पहिले दोन महिने गाव हौसेने करतं. गणपतीनंतर गळती लागते, आणि नेमके ऑगस्ट ते नोव्हेंबर हे महिने डेंग्यूच्या जोराचे. म्हणून काही गोष्टी आधीच बांधून ठेवा.

चावडीच्या फळ्यावर दर पंधरवड्याला गल्लीवार घर निर्देशांक लिहा. ५ च्या वर असेल तर लाल खडूने. गेल्या वेळचा आकडा शेजारीच असू द्या, म्हणजे घसरण दिसते.

पाचवी ते सातवीच्या मुलांना 'आपलं घर आणि शेजारचं घर' एवढंच द्या. सगळं गाव तपासायला पाठवलं तर मुलं दोन आठवड्यांत कंटाळतात.

गणेश मंडळाला आणि सप्ताहाच्या मंडळींना त्यांच्या कामाशी जोडून घ्या. मंडपाच्या ताडपत्रीत साचलेलं पाणी आणि महाप्रसादानंतर उकिरड्यावर पडलेले पेले ही त्यांची जबाबदारी आहे हे हक्काने सांगा.

जोडीतल्या महिलांच्या वेळेची किंमत ठेवा. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत त्यांनी स्वतः आकडे वाचून दाखवावेत. ओळखपत्र, चांगली बॅटरी, छत्री एवढ्या गोष्टी समितीच्या निधीतून होतात. एका बाईने मला सांगितलं होतं, "पैशाचं नाही भाऊ, पण सासऱ्यांनी पहिल्यांदा विचारलं, तुमच्या गल्लीचा आकडा किती?"

ऊसतोडीला जाणारी गावं असतील तर दिवाळीच्या सुमारास एक फेरी वेगळी काढा. कुटुंबं कोपीत राहायला जातात, घरं चार-पाच महिने बंद राहतात, आणि मागे राहिलेलं अर्ध भरलेलं टिपाड शेजारच्या वीस घरांना पुरतं. निघण्याच्या आदल्या दिवशी सगळी भांडी घासून पालथी, गच्चीवरची टाकी रिकामी, आणि किल्ली जोडीतल्या बाईकडे किंवा भावकीत. परत आल्यावर, पहिलं पाणी भरण्याआधी, तीच भांडी पुन्हा एकदा घासायची. कडेला चिकटलेली अंडी तोवर वाट बघत असतात.